प्रकल्प दुसऱ्याच्या संगणकावर बसतो का, हेही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठीसाठी संगणकीय साधनेच नाहीत, अशी खंत व्यक्त करणारी काही पत्रे गेल्या काही आठवड्यांत आपल्या दैनिकात वाचली. त्या खंतीशी मी निम्माच सहमत आहे. तंत्रनिकेतनात संगणक हा विषय शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही बाह्य परीक्षक म्हणून दरवर्षी दोन-तीन महाविद्यालयांत जाणे होते. त्या अनुभवावरून सांगतो की साधने लिहिली जातात आणि बरी लिहिली जातात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत आणणारी, धनादेशावरची रक्कम अक्षरी लिहिणारी, नावांची यादी मराठी वर्णानुक्रमाने लावणारी अशी कितीतरी मी पाहिली आहेत. फक्त ती लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर चालतात आणि मुले बाहेर पडली की त्या लॅपटॉपबरोबरच जातात. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातली दुसरी मुले तेच काम पहिल्या ओळीपासून पुन्हा करतात. लिहिलेला कोड मॉड्यूलांत, म्हणजे एकेक काम करणाऱ्या वेगळ्या फाइलींत, नीट विभागून, कोणालाही एका आज्ञेने बसवता येईल अशा पॅकेजच्या रूपात हाती देणे, हा भाग आपण शिकवत नाही आणि तपासतही नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीच्या एका तोंडी परीक्षेतला प्रसंग सांगतो. तिघी मुलींनी जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी प्रणाली पायथॉन या संगणकभाषेत लिहिली होती. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांना ते अक्षरास अक्षर बदलण्याइतके सोपे वाटते, पण तसे ते नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलिखित होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे आहे. ‘मार्मिक’ हा एक शब्द घेतला तरी वेलांटी मागून पुढे न्यायची आणि रफार पुढून मागे आणायचा, अशी दुहेरी उचलाउचल करावी लागते. त्यातही ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक राखायचा, म्हणजे गुरुजनांना स्वयंपाकघरात पाठवायचे नाही, हे वेगळेच. मुलींनी हे सगळे साधले होते. मी मुद्दाम ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एका ओळीत दिले, तेही बरोबर उतरले. मला मनापासून आनंद झाला आणि मी म्हणालो, ‘हे माझ्या लॅपटॉपवर बसवून द्या, माझ्याकडे एका मुद्रणालयाचे जुने अंक पडून आहेत.’

पेन ड्राइव्हवरून फोल्डर आला. चालवल्याबरोबर पहिली तक्रार आली की ‘पांडाज’ नावाची लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला आयता कोड, नाही. प्रणालीला ती लागते हे कुठेही लिहिलेले नव्हते, कारण मुलींच्या लॅपटॉपवर ती दोन वर्षांपूर्वी कोणत्या तरी दुसऱ्या विषयासाठी बसवलेली होती. (दोन रकान्यांची सीएसव्ही फाइल वाचायला पांडाज लावणे म्हणजे कोथिंबिरीच्या जुडीसाठी टेम्पो करण्यासारखे आहे; पायथॉनबरोबर येणारे साधे सीएसव्ही मॉड्यूल ते काम करते. पण ते असो.) ती लायब्ररी बसवल्यावर कळले की अक्षरांच्या जोड्यांचा तक्ता ‘डी’ ड्राइव्हवरच्या ‘प्रोजेक्ट फायनल न्यू’ या फोल्डरातून वाचला जातो आणि तो पत्ता कोडमध्येच ठोकलेला आहे. तो बदलला, तर तक्ता सापडेना. पेन ड्राइव्हवर घेताना फक्त पायथॉनच्या फाइली घेतल्या होत्या आणि तक्ता घरच्या संगणकावर राहिला होता. तासभर गेला. त्या तासात तिघींपैकी कोणालाही मी दोष देऊ शकलो नाही, कारण माझ्या हातातल्या गुणपत्रकात सादरीकरण, अहवाल, बांधणी, उत्तरे या सगळ्यांना रकाने होते, पण ‘दुसऱ्याच्या संगणकावर बसते का’ याला रकाना नव्हता. मी त्यांना जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले आणि रिकाम्या हाताने घरी आलो.

पदविकेच्या अभ्यासक्रमात पायथॉनच्या विषयात ‘मॉड्यूल आणि पॅकेज’ असा भाग आहे, हे मला माहीत आहे. तो मी स्वतः शिकवलेला आहे. मात्र त्यात पॅकेज म्हणजे ‘इनिट’ नावाची फाइल असलेला फोल्डर, एवढ्यावर गाडी थांबते. पायथॉनच्या जगात पॅकेज हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो: कोडमध्ये ‘इम्पोर्ट’ करायचा फोल्डर हा एक आणि ‘पिप इन्स्टॉल’ म्हणून आणायचे गाठोडे हा दुसरा. या दोहोंची नावे सारखी असलीच पाहिजेत असेही नाही. बसवताना ‘पिलो’ म्हणायचे आणि कोडमध्ये ‘पीआयएल’ लिहायचे. बसवताना ‘सायकिट-लर्न’ आणि कोडमध्ये ‘एसकेलर्न’. एक कागदोपत्री नाव आणि एक घरातले हाकेचे नाव, असा हा प्रकार आहे. विद्यार्थ्यांना पहिला अर्थ शिकवून दुसरा यूट्यूबवर सोडून दिला जातो, आणि तिथे त्यांना जे मिळते ते बहुतेक वेळा शिळे असते.

शिळे का, हेही सांगायला हवे. पायथॉनमध्ये ‘डिस्ट्युटिल्स’ हे मॉड्यूल २००० साली आले आणि ‘सेटअप’ नावाची फाइल लिहून पॅकेज बांधण्याची पद्धत रूढ झाली. पॅकेजांचे सार्वजनिक कोठार असलेली पायपीआय २००३ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये तिथून पॅकेज आणून बसवणारे पिप हे साधन आले. सेटअपची फाइल म्हणजे स्वतःच एक चालणारी प्रणाली होती. पॅकेजला काय काय लागते हे कळण्यासाठी ते पॅकेजच चालवून पाहावे लागे आणि ते चालवण्यासाठी काय लागते हे आधी कसे कळणार, असा तो पेच होता. त्यावर २०१६ पासून ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ या साध्या मजकुराच्या फाइलीचा तोडगा निघाला. तिच्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, पायथॉनची किमान आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्ऱ्या सरळ लिहून ठेवायच्या. काहीही न चालवता त्या वाचता येतात. डिस्ट्युटिल्स तर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ या आवृत्तीतून काढूनच टाकले गेले. तरीही अनेक टिपणांत आणि व्हिडिओंत जुनीच सेटअप फाइल चालवायला सांगितली जाते, आणि नवा पायथॉन घातलेल्या प्रयोगशाळेत ती चालली नाही की मुलांना वाटते, आपलेच काही चुकले.

त्या तिघी मुलींच्या बाबतीत काय करायला हवे होते? खरे म्हणजे फार नाही, एका दुपारचे काम होते. प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात पायप्रोजेक्टची फाइल, त्याच्या आत ‘एसआरसी’ नावाचा फोल्डर आणि त्यात पॅकेजचा फोल्डर ठेवायचा. हा मधला फोल्डर उगाच वाटतो, पण त्याचे काम मोठे आहे. पॅकेज मुख्य फोल्डरातच असेल तर चाचणी करताना पायथॉन बसवलेले पॅकेज न उचलता समोर पडलेलाच कोड उचलतो. म्हणजे गाठोड्यात तक्ता गेला नसला तरी चाचण्या पास होतात आणि चूक परीक्षकाच्या लॅपटॉपवरच उघडी पडते. कोड एसआरसीच्या आत असला की आधी पॅकेज बसवावेच लागते आणि जे गाठोड्यात नाही ते नाही, हे घरच्या घरीच कळते. अक्षरांचा तक्ता पॅकेजच्या फोल्डरात कोडशेजारी ठेवायचा, तो गाठोड्यात घ्यायचा आहे हे बांधणीच्या साधनाला सांगायचे आणि वाचताना ‘डी’ ड्राइव्हचा पत्ता न देता पायथॉनच्याच ‘इम्पोर्टलिब रिसोर्सेस’ या सोयीने वाचायचा. मग पॅकेज कुठेही बसले तरी तक्ता सापडतो.

कोडची विभागणीही या निमित्ताने होते. मुलींच्या एकाच फाइलीत खिडकी काढणारा कोड, फाइल उघडणारा कोड आणि वेलांटी हलवणारा कोड एकमेकांत गुंतलेले होते. मला खिडकी नको होती, वेलांटी हवी होती. रूपांतर करणारे मॉड्यूल असे असावे की त्याला मजकूर द्यावा आणि त्याने मजकूर परत करावा. पडद्याशी, फाइलीशी त्याचा संबंध नसावा. खिडकी वेगळ्या मॉड्यूलमध्ये राहते. असे केले की त्याच रूपांतराचा उपयोग मुद्रणालय करू शकते आणि संकेतस्थळ चालवणाराही करू शकतो.

यानंतर बांधणीची एक आज्ञा दिली की दोन फाइली तयार होतात: मूळ कोडचे गाठोडे आणि ‘व्हील’. व्हील ही साधी झिप फाइल आहे; तिच्या नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ करावे, ती उघडावी आणि तक्ता आत आहे का हे डोळ्यांनी पाहावे, अशी माझी प्रत्येक विद्यार्थ्याला सूचना असते. मग कोरे आभासी वातावरण, म्हणजे आधीच्या लायब्ऱ्यांपासून वेगळी ठेवलेली पायथॉनची जागा, तयार करून त्यात ते व्हील बसवून चालवायचे. पांडाज लागत असूनही लिहिले नसेल तर ते तिथेच अडते. प्रयोगशाळांत उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींच्या नव्या आवृत्त्या आल्यापासून थेट पिप चालवले की ‘ही व्यवस्था बाहेरून सांभाळली जाते’ अशा अर्थाचा नकार मिळतो. तो नकार म्हणजे आभासी वातावरण वापरा असाच सल्ला असतो. मुले मात्र ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा पर्याय जोडून पुढे जातात. त्या पर्यायाच्या नावातच सगळे आले, तरी तो सर्रास वापरला जातो.

नावाचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. दुसऱ्या एका गटाने तिथी सांगणारी प्रणाली केली होती आणि फाइलीला ‘कॅलेंडर’ असे साहजिक नाव दिले होते. पायथॉनबरोबर त्याच नावाचे मॉड्यूल येते आणि ईमेल किंवा कुकी हाताळणारी पायथॉनची इतर मॉड्यूले ते मागतात. त्यांनी ते मागितले की या मुलांची तिथीची फाइल त्यांच्या हाती पडायची आणि संकेतस्थळावरून माहिती आणणारा, त्यांनी कधी हातही न लावलेला कोड कोसळायचा. दोन दिवस मुले इंटरनेटच्या जोडणीला दोष देत होती. तेव्हा नाव आधी तपासावे. पायपीआयवर पॅकेजच्या नावाला रोमन अक्षरे, अंक, टिंब आणि आडव्या रेघाच चालतात, त्यामुळे मराठी शब्द रोमन लिपीत कसा लिहायचा हे एकदा ठरवून तेच सर्वत्र ठेवावे लागते. मिळत्याजुळत्या स्पेलिंगचे पॅकेज मुद्दाम टाकून लोकांना फसवण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, म्हणून हा नुसता शुद्धलेखनाचा मुद्दा नाही.

आवृत्तीच्या क्रमांकाची गोष्टही तशीच आहे. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘लेटेस्ट फायनल’ यांवरून कोणते नंतरचे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. तीन आकड्यांची पद्धत सोपी आहे: वापरणाऱ्याचा कोड मोडेल असा बदल केला तर पहिला आकडा वाढवायचा, नवी सोय दिली तर दुसरा, चूक सुधारली तर तिसरा. पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलीच्या नावाने दुसरी फाइल पुन्हा चढवता येत नाही, जुनी काढून टाकली तरीही. चूक झाली की नवा क्रमांक घ्यावाच लागतो. ही शिस्त विद्यार्थ्यांना जाचक वाटते. सरावासाठी ‘टेस्ट पायपीआय’ हे वेगळे कोठार उपलब्ध आहे, तिथे हवे तितके धडपडावे.

परवान्याचाही, म्हणजे कोड इतरांनी कसा वापरावा याच्या लेखी मुभेचाही, उल्लेख करतो, कारण तो हमखास राहतो. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात संगणक प्रणालीची गणना साहित्यकृतीत होते. म्हणजे त्या मुलींचा कोड कायद्याच्या दृष्टीने कवितेच्याच रांगेत बसतो. सोबत परवाना नसेल तर कोड नजरेसमोर असूनही दुसऱ्याला तो कायदेशीरपणे वापरता येत नाही. एक छोटी फाइल जोडून हा प्रश्न मिटतो.

याला विरोध करणारे माझे एक जुने सहकारी म्हणतात की प्रत्येक चिटपाखराचे पॅकेज करण्याच्या हौसेतूनच मोठे घोटाळे झाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या एनपीएम या कोठारातून एका लेखकाने नावाच्या वादात स्वतःची अडीचशेहून अधिक पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते, आणि त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेले असंख्य प्रकल्प बांधताना कोसळू लागले. फाइली दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाचे २०२४ मधले प्रकरण अधिक गंभीर होते. त्यात चोरदरवाजा चालू करणारी बांधणीतली फाइल प्रकाशित गाठोड्यात होती, पण सर्वांना दिसणाऱ्या कोडकोठारात नव्हती, आणि सर्व्हरवर लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा माग काढणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे ते उघडकीस आले. गाठोड्यात नेमके काय आहे हे उघडून पाहण्याची सवय का लावायची, याचे याहून बोलके उदाहरण मला देता येणार नाही. पण ११ ओळींसाठी पॅकेज नको, या मताचा अर्थ शेकडो नियमांच्या रूपांतरकालाही पॅकेज नको असा होत नाही. जे पुन्हा लिहायला दहा मिनिटे लागतात ते खुशाल पुन्हा लिहावे. ज्याच्यात ‘आचाऱ्यां’चा रफार नसलेला ‘ऱ्या’ सांभाळण्यासाठी तीन महिने गेले आहेत, ते पुन्हा लिहायला लावणे ही उधळपट्टी आहे.

माझ्या मते खरी अडचण तंत्राची नसून आपल्या नियमांची आहे. प्रकल्पाचा विषय नवीन हवा, मागील तुकडीचे काम वापरले तर ती नक्कल, असा दंडक जवळपास सगळीकडे आहे. मुले मागच्या वर्षीचा कोड वापरतातच, फक्त लपवून वापरतात. चलांची नावे बदलतात, टिप्पण्या पुसतात आणि त्या पुसण्यात मूळ लेखकाने लिहून ठेवलेली कारणेही जातात. तेच काम पॅकेज म्हणून उपलब्ध असेल तर चोरी आणि उपयोग यांतली रेघ स्पष्ट होते: दुसऱ्याचे जे घेतले ते पायप्रोजेक्टच्या फाइलीत नावासह आणि आवृत्तीसह लिहिलेले असते, आणि उरलेला कोड तो माझा. परीक्षकाला एका दृष्टिक्षेपात दोन्ही दिसतात. म्हणून विद्यापीठांना आणि तंत्रशिक्षण मंडळाला माझी विनंती आहे की प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण एवढ्यासाठीच ठेवावेत की परीक्षकाने कोऱ्या आभासी वातावरणात एका आज्ञेने प्रकल्प बसवून पाहिला आणि तो चालला. पायपीआयवर चढवण्याची सक्ती नको. व्हीलची एक फाइल आणि दोन पानांची माहिती पुरे. तसेच मागील तुकडीच्या पॅकेजची पुढची आवृत्ती काढणे, त्यातल्या चुका सुधारणे किंवा त्याच्या चाचण्या लिहिणे, हाही मान्य विषय धरावा.

त्या तिघी मुलींनी निकालानंतर, कोणतेही गुण मिळणार नसताना, मी सांगितल्याप्रमाणे ते काम पॅकेजमध्ये बसवले. पांडाज काढले, तक्ता आत घेतला, परवाना जोडला आणि चाचणीच्या पहिल्या ओळीत ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द ठेवले. ०.१.० असा क्रमांक असलेले ते व्हील माझ्या लॅपटॉपवर मिनिटभरात बसले आणि मुद्रणालयाच्या जुन्या अंकांचे काम आता रोज थोडे थोडे चालू आहे. त्यात काही जोडाक्षरे अजून चुकतात. त्यांची यादी मी करून ठेवली आहे. यंदाच्या तुकडीतील एखाद्या गटाने ०.२.० ही आवृत्ती काढावी, असा लेखी प्रस्ताव ती यादी जोडून मी त्या महाविद्यालयाला दिला होता. ‘विषय नवीन नाही’ असा शेरा मारून तो परत आला आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अधिव्याख्याता, सांगली